तारेचं दुसरं टोक

माझ्या हातचं विमान एकदा हिंजवडीच्या माळावर, भल्याभल्या उडवणाऱ्यांच्या देखत, असं काही उडालं की लोक खुर्च्या सोडून उभे राहिले आणि टाळ्या थांबेचनात. थांबत नव्हत्या त्या माझ्या. बाकीच्यांनी पुणेरी बेतानं चार वाजवून हात खिशात घातले होते. रिमोट दुसऱ्याच्या हातात होता, माझे हात रिकामेच होते, म्हणून वाजवत बसलो.

विमान म्हणजे बसायचं नव्हे. त्यात मी आजतागायत बसलेलो नाही, आणि आता ज्या विमानात बसायचं राहिलंय त्याला तिकीट लागत नाही. आमचं विमान रिमोटवर उडणारं. पंख लावला की दारातून आडवं निघायचं नाही, एवढं मोठं. नाकाशी एक छोटं इंजिन. आणि नुसतं उडून खाली यायचं नाही, वर कसरती करायच्या. आकाशात गोल काढायचा, पोट वर करून सुतासारखं सरळ जायचं, जाता जाता संथ गिरकी घ्यायची. खाली पंच मंडळी खुर्च्या टाकून बसलेली असायची. गोल जरा अंड्यासारखा झाला की मार्क कापायची. मुलगी बघायला आलेले लोक पोहे संपवून पोह्यांनाच नावं ठेवतात ना, तसलं काम.

हे मी बोलतोय आणि माझी नात मोबाईलवर उतरवून घेतेय, कारण लिहिण्याचं आणि माझं लहानपणीच फाटलं. सातवीपर्यंत गेलो असं मी सगळीकडे सांगतो. खरं म्हणजे सातवीच्या वर्गापर्यंत गेलो, आत गेलो नाही.

घर आमचं पुण्यात बुधवार पेठेत, एका बोळात, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत धंदा आणि मागच्या खोलीत आई. आप्पा, म्हणजे माझे वडील, गणपतीची मखरं करायचे. थर्माकोलची. आता थर्माकोलवर बंदी आली आणि आमचं आयुष्य बेकायदेशीर ठरलं, पण तेव्हा आषाढ लागला की आमच्या घरात पांढऱ्याशिवाय रंग दिसायचा नाही. कापताना दाणे उडायचे आणि अंगाला चिकटायचे. झटकले की हाताला, त्या हातावरून काढले की दुसऱ्या हाताला. केसात, भुवयांत, कणकेत, आप्पांच्या मिशीत. एकादशीला साबुदाण्याची खिचडी असली की फारच पंचाईत. आप्पा पहिला घास तोंडात घोळवून जाहीर करायचे, "जो गिळला जाईल तो साबुदाणा. जो दाताखाली कुरकुरेल तो आपला धंदा." आई आतून म्हणायची, "दोन्ही गिळा. उपास मोडत नाही."

आवाज दोनच. एक, थर्माकोल थर्माकोलला घासल्यावर दातात कळ आणणारा तो करकर आवाज. आणि दुसरा तारेचा. शेगडीची कॉइल ताणून सरळ केलेली तार, तिला बुधवारातल्याच दुकानातून आणलेला ट्रान्सफॉर्मर. तार तापली की थर्माकोलमधून लोण्यातून सुरी जावी तशी जायची, बारीक चर्र करत, आणि एक कडवट वास घशात बसायचा. पुढच्या खोलीच्या भिंतीत आप्पांनी एक दणकट खिळा मारला होता. कमान कापायची तर तारेचं एक टोक त्या खिळ्याला बांधायचं, दुसरं हातात धरायचं, आणि थर्माकोलचा पातळ पत्रा तारेवरून फिरवायचा. एकट्याचं काम. आप्पा म्हणायचे, "हा खिळा माझा भागीदार. दिवसभर राबतो आणि चहा मागत नाही." असं म्हणताना ते माझ्याकडे बघायचे. मी चहा मागायचो.

मला एकच गोष्ट यायची. जुन्या पेपरची घडी घालून त्यावर अर्धी नक्षी काढायची आणि घडीवरच कापायची. उघडली की डावी-उजवी तंतोतंत. त्याच्या जोरावर मी स्वतःला कलाकार समजायचो. आप्पा मला "घडीवाला" म्हणायचे. परटाकडे असतो तसा.

तर एका श्रावणात मोघेसाहेब आमच्याकडे मखर सांगायला आले. कारखान्यात बडे इंजिनियर, येरवड्याच्या पुढं बंगला, बोलणं सगळं "आपण" आणि "कृपया". मखर त्यांनी बघितलंच नाही. मी कमान कापत होतो ती उचलली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकली, बंदूक बघतात तशी, आणि म्हणाले, "दोन्ही बाजू सारख्या आहेत. मोजल्यास कशाने?"

"घडीनं," मी म्हणलं.

"विमान करशील का?"

आप्पा मागून म्हणाले, "करेल की. विमानात गणपती बसवायचाय का?"

साहेबांनी मला परदेशी मासिकातलं एक चित्र दिलं, त्यात विमानाचा आराखडा. बाल्सा नावाचं लाकूड दिलं. कापसाचं लाकूड केलं तर असं होईल, नखानं दाबलं तरी वण उठायचा. मी जीव ओतून विमान केलं. साहेब आले तेव्हा तळहातावर ठेवून त्यांना दाखवलं. मापं इंग्रजीत होती, ती माझ्या बापाला कळली असती तर मला, म्हणून मी सरळ चित्राएवढंच केलं होतं. साहेबांनी ते दोन बोटांत उचललं. मग म्हणाले, "सुंदर आहे. चिमणीला देऊ." पण पंख हुबेहूब होता, म्हणून त्यांनी मला हाकललं नाही, पुढची विमानं माझ्याकडेच करायला दिली. आणि मला तर त्या दिवसापासून मखराची शिसारीच आली. मखर अकरा दिवसांत पाण्यात जातं. विमान वर जातं. हे मी आप्पांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आणि खाली येतं ते कुठं येतं?"

ते हिंजवडीला यायचं. तेव्हा हिंजवडी म्हणजे माळ, बाभळी आणि लांब कुठंतरी ज्वारी. आज तिथं काचेच्या इमारती आहेत आणि माझी ही नात त्यातल्याच एकीत कामाला आहे. कंपनीच्या बसनं जाते, दीड दीड तास एका जागी उभी असते बस. तिला म्हणलं, तुझ्या ऑफिसच्या डोक्यावरून माझं विमान उडायचं. म्हणाली, "आजोबा, तेच बरं होतं. निदान पोचायचं तरी." रविवारी सकाळी साहेबांच्या गाडीत विमानाचे तुकडे भरायचे, उरलेल्या जागेत मी स्वतःला भरायचो. इंजिनाच्या तेलात एरंडेल असायचं. ते जळलं की असा गोडसर वास सुटायचा की साहेब लोक डोळे मिटून छाती भरून घ्यायचे. मला मात्र लहानपणी आई नाक दाबून एरंडेल पाजायची ते आठवायचं, आणि पोटात गुरगुरायला लागायचं. माळ ज्यांचा होता ते म्हातारबाबा धोतर सावरत यायचे आणि दर रविवारी तेच विचारायचे, "ह्ये इमान हाय नव्हं, मग मानूस कुठं बसतो?" साहेब हसायचे. मी म्हणायचो, "बाबा, माणूस खालीच बसतो. ज्याचं विमान पडलं तो डोकं धरून बसतो."

रिमोट माझ्या हातात एकदाच आला. साहेबांनी जुनं विमान वर नेलं आणि रिमोटवरची काडी माझ्या हातात दिली. विमान लांब जात होतं तोवर सगळं सरळ होतं. मग ते वळून आमच्याकडे तोंड करून यायला लागलं. विमानानं तोंड फिरवलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि हे मला सांगितलेलं होतं, पाठही होतं. तरी ते डावीकडे कललं म्हणून मी काडी उजवीकडे ओढली. ते आणखी कललं. मी आणखी ओढली. ज्वारीतून ते पोत्यात भरून आणलं. पुढच्या रविवारी साहेबांनी रिमोट गळ्यातून काढलाच नाही. म्हणजे उडवणारा मी नव्हेच. ते दुःख नाही. माझं दुःख वेगळं आहे, तेच सांगतोय.

साहेबांचं विमान गिरकी घेताना लंगडायचं. पंख पोटाखाली लावलेला, त्यामुळं आर झिजलेल्या भोवऱ्यासारखं डुलत फिरायचं. मला वाटलं, पंख पोटाच्या मधोमध घालावा, आणि टोकाकडे निमुळता करावा, म्हणजे टोकाला वजन राहणार नाही. फिर म्हणलं की फिरेल, थांब म्हणलं की थांबेल. पेपरची घडी घालून मी तसलं विमान कापलं आणि साहेबांना दाखवलं. शोध लावला म्हणून छाती काढून फिरत होतो. साहेबांनी नवीन मासिक उघडलं. त्यात सगळ्यांचेच पंख मधोमध आणि सगळ्यांचेच निमुळते. "जगाला कळून चुकलंय, सदा," साहेब म्हणाले. "पण तू न वाचता पोचलास, हेही बरंच आहे. कर हे. स्पर्धेला हेच नेऊ."

निमुळता पंख करायला खिळा कामाचा नाही. थर्माकोलच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराच्या सनमायकाच्या पट्ट्या ठोकायच्या, एका टोकाला मोठी, दुसऱ्या टोकाला लहान, आणि तापलेली तार दोन्ही पट्ट्यांवरून एकदम सरकवत न्यायची. मोठीवरचा माणूस भरभर जाणार, लहानीवरचा सावकाश, पण निघायचं बरोबर आणि पोचायचंही बरोबर. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर सारखेच आकडे टाकायचे आणि दोघांनी ते मोठ्यानं म्हणत जायचं. एक टोक बांधून ठेवलं तर तार तिथं एकाच जागी जळत बसते आणि पंखाला खळगा पडतो. मोठ्या टोकाला मी होतो, कारण ते सोपं. लहान टोकाला ताई.

ताई माझ्याहून मोठी. मॅट्रिक झालेली, घरात स्थळांची बोलणी चाललेली, आणि हात असा स्थिर की भरलेलं ताट डोक्यावर घेऊन जिना चढायची. लहान टोकाशी तार रेंगाळते, जास्त वितळवते. तिथं मनगट हललं की पंख गेला. ती श्वास रोखून धरायची आणि ओठातल्या ओठात आकडे म्हणायची. मी पुढं पळालो की दात आवळून म्हणायची, "सद्या, थांब. तुझा पाच झाला, माझा चार अजून चाललाय." "लवकर आण ना तुझा चार." "तार तुझ्या बापाची नाही." "बापाचीच आहे." मागच्या खोलीतून आई म्हणायची, "आत्ता पाढे म्हणतोयस होय? तेव्हा म्हणला असतास तर मास्तरनं घरी आणून सोडला नसता." आम्ही दोघं हसू दाबायचो, कारण हसलं की तार हलते. तिच्या अंगठ्यावर तारेचा एक आडवा डाग पडला होता, अंगठी घातल्यासारखा. स्थळ बघायला आलं की ती तो अंगठा मुठीत लपवायची.

नात आत्ता टाइप करायची थांबून विचारतेय, "आजोबा, सारखं ताई ताई म्हणताय. त्यांचं नाव काय?" शोभा. लिही, शोभा.

कापलेल्या पंखावर बाल्साचे पातळ पापुद्रे चिकटवले, त्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद. हा कागद इस्त्रीनं बसवायचा असतो. गरम कमी पडली तर सुरकुत्या, जास्त झाली तर भोक. पहिल्याच झटक्याला मी भोक पाडलं. आप्पा वाकून म्हणाले, "खिडकी ठेवलीस का? वारा चांगला येईल." मग इस्त्री ताईनं घेतली. पंख लाल, पोट पांढरं. पूर्ण झाल्यावर आम्ही तो दिव्याखाली धरला. उजेड त्याच्यावरून पाण्यासारखा घसरला, कुठं अडकला नाही. आप्पांनी बोट फिरवलं आणि काही टोमणा मारला नाही. आमच्या घरात याला सत्कार म्हणतात.

साहेब बघायला आले तेव्हा ताई उठून आत चहा टाकायला गेली. स्टोव्ह भर्रकन पेटला. साहेबांनी पंख उचलला, एक डोळा मिटला, टोकापासून बुडापर्यंत नजर नेली आणि परत आणली. "सदा, हे तू एकट्याने केलंस?"

"हो साहेब."

"आणि तारेचं दुसरं टोक?"

समोर भिंत होती आणि भिंतीत खिळा होता. "खिळ्याला बांधतो," मी म्हणलं. साहेबांनी त्या खिळ्याकडे देवळात बघतात तसं बघितलं. साहेब उडवणारे, तार त्यांनी कधी धरलेली नव्हती. "कमाल आहे," म्हणाले. तेवढ्यात ताई कपबशा घेऊन आली. साहेबांनी तिच्याकडे बघून माझ्याकडे बघितलं. "हिची काही मदत होते का?"

"होते की. चहाची," मी म्हणलं. साहेब हसले. ताईसुद्धा हसली, आणि कप ठेवताना अंगठा मुठीत घेतला.

आता त्या उडवणाऱ्या मंडळींची एक रीत सांगतो. स्पर्धेचा नियम होता की उडवणाऱ्यानं स्वतः बनवलेलंच विमान आणायचं. आणि ते नुसतं कागदावर लिहून भागायचं नाही. पहिल्या उड्डाणाआधी विमान मैदानात मधोमध ठेवायचं, पंखावर तळहात टेकायचा, मुख्य पंच विचारणार, "कुणाच्या हातचं?" आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचं, "माझ्या." कोर्टात पुस्तकावर हात ठेवतात, तसं. साहेब मला गाडीत म्हणाले होते, "आजवर मी तुझ्या विमानांवर हात ठेवत आलो, ते बरं नाही. यंदा मी पंचांशी बोलून ठेवलंय. उडवीन मी, हात तू ठेव. तुझं नाव तू सांग."

हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना. मला ना बक्षीस पाहिजे होतं ना काही. तो एक शब्द त्या सगळ्या इस्त्रीच्या कपड्यांतल्या लोकांपुढं म्हणायचा होता. मी घरात सराव करायचो. पाटावर हात ठेवून "माझ्या", चुलीवरच्या तव्याजवळ "माझ्या". आई म्हणाली, "तव्यावर ठेव, म्हणजे जोरात म्हणशील." आदल्या दिवशी रॉकेलनं हात घासले, बोटांच्या पेरातलं फेविकॉल सोललं, शर्टाला ताईनं इस्त्री केली. तिला म्हणलं, तू पण चल, तू विमान उडताना कुठं बघितलंयस? खरंच तिनं बघितलं नव्हतं. दिवसचे दिवस हातात धरलेलं, आणि वर गेलेलं एकदाही नाही. आप्पा म्हणाले, "जा, बघून ये. आपल्यातला एक तरी जमिनीवरून उचलला जाईल." तिनं डबा केला, चपात्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि दोघं बसनं माळावर पोचलो. साहेब विमान घेऊन पुढं गेले होते.

थंडी होती, आकाश धुतल्यासारखं निळं. मैदानात खुर्च्या, चुन्याच्या रेघा. मुख्य पंच म्हातारे होते, कानटोपी घातलेले, सगळे त्यांना काका म्हणायचे. एकेक जण येत होता, हात ठेवत होता, "माझ्या" म्हणत होता. आमची पाळी आली. विमान मी उचलून नेलं, ठेवलं, हात पँटला पुसला. वाकणार, तेवढ्यात साहेब बाजूनं आले आणि गुडघा टेकून त्यांनी पंखावर हात ठेवला. घड्याळ बांधलेला हात. मला वाटलं, धूळ पुसतायत.

"कुणाच्या हातचं?" काकांनी विचारलं.

"माझ्या," साहेब म्हणाले.

मी वाकलेलाच राहिलो. आता नुसता वाकलेला माणूस फार वाईट दिसतो, म्हणून मी बुटाची नाडी बांधायला लागलो. पायात चपला होत्या.

काकांनी चष्मा वर केला, पंखाच्या टोकाशी वाकले. "निमुळता आहे. एकट्याने कापलात?"

"हो. दुसरं टोक मी खिळ्याला बांधतो."

काका सरळ झाले. कानटोपी नीट केली. "अस्सं," म्हणाले. "खिळा बराच तयार दिसतोय आपला. शिकवणी कुणाकडे लावलीय त्याची?"

सगळे हसले. साहेबही हसले, कळलं नाही तरी हसायचं वळण असतं त्या लोकांना. आणि सांगायचं म्हणजे मीही हसलो. हसणं ऐकू आलं की माझं तोंड आपोआप उघडतं, कुणावर हसतायत हे नंतर बघतो. मी ताईकडे वळून बघितलं. ती दोरीपलीकडे डबा पोटाशी धरून उभी होती. तेवढी एक हसली नव्हती.

उड्डाणाला शेपूट धरून बसायचं काम माझं. इंजिन पेटलं, एरंडेलाचा वास आला, साहेबांनी मान हलवली, मी सोडलं. आणि कडू तोंडानंच सांगतो, असं विमान मी परत बघितलं नाही. त्यानं गोल काढला तो परातीसारखा गोल. पोट वर करून गेलं तर उलटं आहे हे रंगावरून कळत होतं, चालीवरून नाही. मग संथ गिरकी. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच गिरकी, लाल पंख उन्हात कुशीवर वळतोय, पाठीवर, पुन्हा कुशीवर, झोपेत माणूस वळतो तसा, आणि नाक इंचभर इकडं तिकडं नाही. म्हातारबाबा माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "ह्याच्यात मानूस हाय बरं का आज." लोक उभे राहिले. टाळ्यांचं वर सांगितलंच आहे.

बक्षीस साहेबांना मिळालं. मी गाडीपाशी गेलो. म्हणलं, "साहेब, ते हाताचं?" साहेब डिकीत पंख गुंडाळत होते, वर न बघता म्हणाले, "अरे सदा, काका ऐनवेळी म्हणाले, नियम म्हणजे नियम. मग माझं विमानच बाद झालं असतं. तुला तेच हवं होतं का? समजून घे. पुढच्या खेपेला बघू. हे जरा धर." मी धरलं. धरलं, गाडीत ठेवलं, दार लावलं, आणि काचेवर माझ्या हाताचा ठसा उठला तोसुद्धा बाहीनं पुसला. गाडीत विमान होतं, म्हणून आम्हाला जागा नव्हती. त्यानंतरही मी साहेबांची विमानं करत राहिलो, साहेब थकेपर्यंत. लोक विचारतात, स्वाभिमान नव्हता का? होता ना, पण तो घरी ठेवून जायचो, चोरीला जाऊ नये म्हणून. निमुळता पंख मात्र परत कापला नाही. कापता आला नाही. आणि आता काय, खोक्यातनं तयार विमान येतं, पोरं हॉलमध्ये लग्नात उडवतात, कुणाच्या हातचं म्हणून विचारलं तर खोक्याकडे बघतील.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो आणि सुरू झालो. डबा उघडला नव्हता, चपात्या तशाच. म्हणलं, चोर आहे हा माणूस. माझी घडी, माझा पंख, माझी अक्कल, आणि हात कुणाचा? घड्याळाचा. म्हणलं, ज्यानं आयुष्यात थर्माकोलचा एक दाणा अंगाला लावून घेतला नाही त्यानं चारचौघांत माझं विमान खाल्लं आणि ढेकर दिला. एवढी एक गोष्ट मागितली होती. माझं नाव घ्यायला याच्या जिभेला काय झालं होतं? पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. तिला म्हणलं, बघा ना हो, अशी असतात मोठी माणसं.

ताई ऐकत होती. तिच्या मांडीवर डबा होता आणि डब्यावर दोन्ही हात.

"झालं तुझं?" ती म्हणाली.

"झालं काय? तुला काहीच वाटत नाही का? तू बघितलंस ना डोळ्यांनी?"

"बघितलं. सद्या, ते खिळ्याचं त्यांना कुणी सांगितलं?"

"ते असंच. बोलण्यात निघालं."

"कधी?"

"तू चहा टाकायला गेलीस तेव्हा." मग मी आपलं नेहमीचं काढलं. म्हणलं, "अगं, खिळ्यानं तरी कुठं तक्रार केली? आप्पा म्हणतात तसं, राबतो आणि चहा मागत नाही."

ती हसेल म्हणून मी थांबलो. बस खड्ड्यातून गेली, डबा वाजला. तिनं अंगठ्यावरचा डाग दुसऱ्या हाताच्या बोटानं चोळला आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, एवढंच," ती म्हणाली. "तू मला खिळा केलंस. सरक तिकडं. खिडकीत मी बसणार."